आईची खाट कुणी उभी केली?

राग मला शोभून दिसतो, असं माझं स्वतःबद्दल प्रामाणिक मत आहे. कंबरेला पदर, हातात उलथणं, आवाज थेट तळमजल्यापर्यंत. बऱ्याचदा तो अर्धा खोटा असतो. त्या दुपारचा मात्र सोळा आणे खरा होता.

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सोलापुरात करायचं ठरलं, म्हणून ती समुद्राकाठचं घर बंद करून माझ्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटवर आली होती. येऊन चार दिवस झाले होते, ऑपरेशन आदल्याच दिवशी पार पडलं होतं. एका डोळ्यावर पट्टी, आणि तोंडी एकच पालुपद, "या गावाला वाराच नाही का गं?" तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी मोबाइल नाचवत जिना चढून आल्या.

"ताई, तुमी समुद्राकडच्याच की! हे बघा, लई मोठं घर हाय. आठ खोल्या, विहीर, नारळाची बाग. घेऊन टाका, आमी सुट्टीला येतो!"

बघितलं. शांत गावात प्रशस्त घर विकणे आहे. पहिल्याच फोटोत पडवीचा खांब, आणि त्यावर कोळशाने काढलेल्या दोन रेघा. एक माझ्या उंचीची, एक दादाच्या.

मी किंचाळले नाही. मी चादरींची कारखानदारीण झाले. स्पीकर लावला आणि जाहिरातीतल्या एजंटला भरदार आवाजात म्हटलं, "आमचे चार कारखाने आहेत. समुद्रावर एखादं घर बघतोय."

"मॅडम, हेच घ्या! मालकीणबाईंचा मुलगा पुण्याला असतो, तोच सगळं बघतो."

"आणि मालकीणबाई?"

"वय झालंय हो. आता मुलीकडेच राहणार कायमच्या. रविवारी मुलगा सही आणतोय. डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना, तेव्हा कुठे करायची ते बोट ठेवून दाखवायचं. झालं काम."

रविवारी दादा येणार होता. "आईच्या विम्याचे कागद आहेत, तिचा हात जरा नीट धर," असं त्याने मला बजावलं होतं. आणि मी गाढवीण त्याला म्हणाले होते, येताना बाकरवडी आण!

मी तोंड उघडणार, एवढ्यात आईने वहिनींचा मोबाइल मागितला. एका डोळ्याने ती एकेक फोटो बघू लागली. माजघर. स्वयंपाकघर. मग तिची खोली. फरशी लख्ख झाडलेली, आणि खाट भिंतीला उभी टेकवलेली.

"ही कुणी उभी केली?"

वहिनींचा चेहरा उतरला. माणूस गेल्यावर त्याची खाट उभी करतात, हे त्यांच्याकडेही तसंच. आमची आई तर कुणी गावाला निघालं तरी त्याच्या पाठोपाठ केर काढू देत नाही.

आईने माझ्या हातातून फोन घेतला. "अहो, ती खाट आधी आडवी करा."

"कुठली खाट? आपण कोण बोलताय?"

"जी अजून मेली नाही, ती."

पाच मिनिटांत दादाचा फोन. मी उलथणं परजून पहिलं वाक्य फेकलं, "अरे, निर्लज्जपणाला काही..." आईने हात वर केला. माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण तिथेच मेलं.

"आई, तुझ्यासाठीच गं," दादा म्हणत होता. "एवढ्या घरात तू एकटी. रात्री-अपरात्री पडलीस-बिडलीस तर?"

"मग मला विचारायचं होतंस. डोळा झाकलाय माझा, कान नाही."

तो पुन्हा 'तुझ्यासाठीच' म्हणू लागला, तिने मध्येच तोडलं.

"रविवारी ये. पेन नको, गाडी आण. डॉक्टरांनी हो म्हटलं की मला घरी सोडायचं. आणि खाट तू आडवी करायचीस. माझ्यादेखत, अंथरूण घालून."

"आई, त्या माणसाला मी शब्द दिलाय..."

"तो तुझा. सही माझी."

तिने फोन माझ्याकडे दिला आणि डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली म्हणून मान मागे टाकली. मनातल्या मनात मी अजून ते भाषण दादाला ऐकवत होते; पहिला थेंब गालावर पडला.