सोनेरी फितीचा टाका

सेवास्तोपोलला नौदलाच्या शिवणखान्यात येफीम लाझारेविच कोट शिवायचा आणि मी इस्त्री करायचे. एकोणीसशे अडतीस साली, त्या मेल्या वर्षात, एकामागून एक दोन बडे अधिकारी देशद्रोही ठरून गायब झाले. त्यांचे नवे कोट आमच्याच खुंटीवर लटकत राहिले.

त्यांच्या जागी आलेला कुद्लाय कोटाचं माप देता देता हळूच म्हणाला, "लाझारेविच, बाहीवरच्या हुद्द्याच्या सोनेरी फिती कच्च्या टाक्यांनी लावा. धरायला आले की आधी त्याच ओरबाडतात. बाह्या शाबूत राहिल्या तर बायको त्या कोटातून पोरीला काहीतरी शिवेल."

म्हातारा भडकला. "चाळीस वर्षांत कच्चं काम केलं नाही मी! अभद्र बोलू नका, कॉम्रेड. हात वर करा."

त्याने हट्टाने दुहेरी दोऱ्याने फिती शिवल्या. जणू टाका टिकला की माणूसही टिकणार होता.

नवव्या दिवशी कुद्लायची बायको तो कोट घेऊन आली. फिती निघेनात, म्हणून मेल्यांनी दोन्ही बाह्याच खांद्यापासून फाडून काढल्या होत्या. कोट जमिनीवर फेकून कुद्लायला नुसत्या सदऱ्यावर नेलं होतं.

"यातून आता काय होईल हो?" तिने विचारलं.

मग चौथा अधिकारी माप द्यायला आला. तरणाबांड, हसरा. त्याने काहीच मागितलं नाही. त्याच्या फिती लाझारेविचने न सांगता कच्च्या टाक्यांनी लावल्या.