लाखोळीचं पाणी

पुण्यात मी एका प्रयोगशाळेत कडधान्यांतली प्रथिनं वेगळी काढायचं काम करते. वाटाण्याचं पीठ पाण्यात कालवायचं, स्टार्च खाली बसू द्यायचा, वरच्या पाण्यातून प्रथिनं काढून घ्यायची आणि वाळवून त्यांची पूड करायची. कमी जमिनीत, कमी पाण्यात लोकांना पोटभर प्रथिनं मिळावीत, यासाठी हा सगळा खटाटोप.

मागच्या वर्षी आमच्या सरांनी ठरवलं, बाहेरून येणाऱ्या वाटाण्यावर किती दिवस काढायचे? आपल्याकडची मागे पडलेली कडधान्यं घेऊ. लाखोळीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, नाव मीच सुचवलं. माझ्या आईचं गाव भंडाऱ्याकडचं. तिकडे धान कापायच्या आधी भाताच्या ओल्या बांधीत लाखोळीचं बी नुसतं फेकतात. मग ना पाणी, ना खत, तरी ती येते. आमच्या कामाला याहून चांगलं काय हवं होतं?

नमुने आले त्या संध्याकाळी मूठभर दाणे मी कौतुकाने धायरीला घरी नेले. आई निवृत्त नर्स, बाबा गेल्यापासून माझ्याकडेच असते. तिने दाणे तळहातावर घेतले आणि लगेच ताटलीत ठेवले.

"काहून आणलं हे?"

"अगं, आता यावरच काम करणार आहोत. किती प्रथिनं आहेत यात, माहितीये?"

"माहीत आहे," ती म्हणाली. "दुसरं काय होतं आमच्याकडं खायला?"

मग ती सांगत गेली. तिचे वडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे. धान मालकाच्या कोठारात जायचं आणि मजुरी म्हणून लाखोळी मिळायची. एका दुष्काळी वर्षी कित्येक महिने घरात तेवढीच होती. त्या वर्षी आजोबांच्या पायांतली ताकद गेली. त्यानंतर ते गुडघे वाकवून, पंजांवर, काठी टेकत चालले ते मरेपर्यंत. लोक म्हणत, वात झाला.

आजोबा काठी घेऊन चालायचे, एवढंच मला ठाऊक होतं. लाखोळीत एक विषारी द्रव्य असतं आणि महिनोन्‌महिने फक्त तीच खाल्ली तर पाय कायमचे जातात, हेही मी वाचलं होतं. त्या दोन गोष्टी मी कधी एकत्र ठेवल्या नव्हत्या.

"नर्सिंगला गेले तेव्हा पुस्तकात त्या दुखण्याचं नाव सापडलं," आई म्हणाली. "सुट्टीत घरी गेले, बाच्या पायांकडं बघत बसले. सांगितलं नाही त्याला. सांगून काय करणार होते?"

"पण डाळ भिजवून पाणी फेकलं की बरंचसं विष निघून जातं, आई. आता कमी विषाचे वाणही आलेत."

"पाणी फेकायचं असतं, हे आमच्या मायलाही ठाऊक होतं. पण त्या पाण्यातच पीठ कालवून आम्हा पोरांना द्यायची. उपाशी घरात पाणी कोण फेकतं?"

मी ताटलीतले दाणे परत पिशवीत भरले.

पुढच्या आठवड्यात कामाची पद्धत ठरवायची बैठक होती. दाणे दळण्याआधी गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावं, असं मी मांडलं. त्यात काही प्रथिनंही वाहून जातात, हे खरंच होतं.

सर म्हणाले, "मॅडम, आपण प्रथिनं काढायला बसलोय, गटारात सोडायला नाही. तसंही विष पुढच्या टप्प्यात जाईलच की."

"जाईल, असं आपण धरून चाललोय सर. मोजलेलं नाही." माझा आवाज जरा चढला. मग मी आजोबांचं सांगितलं. इतक्या वर्षांत घरातलं काही या खोलीत बोलायची ही पहिलीच वेळ. मजुरीत लाखोळी का मिळायची, हे सांगताना आपण कोण, कुठले, हेही सांगावं लागतं. बोलून झाल्यावर मला उगाचच उघडं पडल्यासारखं वाटलं.

सरांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "भिजवा. आणि प्रत्येक टप्प्यावर विष मोजा. प्रथिनं कमी निघाली तर निघाली."

कमीच निघाली. पण पुडीत विष जवळजवळ उरलं नाही. न भिजवलेल्या दाण्यांच्या पुडीत ते थोडं, पण मोजण्याइतकं राहिलं होतं. मी हे घरी सांगितलं. आईने लक्ष देऊन ऐकलं, नर्सिंगच्या दिवसांतल्यासारखे दोन-तीन नेमके प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाली,

"आणि ते पाणी कुठं टाकता?"

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी इमारतीच्या मागे गेले. आमच्या बेसिनचा पाइप भिंतीलगत उघड्यावर सुटला होता आणि त्या ओलीवर वॉचमनच्या बायकोने अळू लावलं होतं. पानं सुपाएवढी झालेली. ते अळू विषारी झालंय की नाही, मला सांगता येत नव्हतं, आणि तसंच मी तिला सांगितलं. ती माझ्याकडे रागाने बघत म्हणाली, "एवढं शिकलात, तर आधी सांगायचं ना. गेल्या रविवारीच फदफदं केलं होतं."

एकदा खाऊन काही होत नाही, हे मी तिला परत परत सांगितलं. सरांनी त्याच दिवशी प्लंबर बोलावून तो पाइप सांडपाण्याच्या टाकीला जोडून घेतला. घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. तिने बाल्कनीतली कुंडी उकरून अळूचे चार कंद काढले, माती झटकून कागदात गुंडाळले आणि माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवले. "तिला म्हणावं, पिण्याच्या नळाजवळ लाव."