सर्वपित्रीनंतरची तारीख

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातले आमचे शेजारी प्रल्हादकाका चाळीस वर्षं गाड्यांचे ब्रेक डिझाइन करत होते. माणूस इतका काटेकोर, की चार पाहुणे जेवायला यायचे असले तरी फ्रिजवर कामांची यादी लागायची. गेल्या उन्हाळ्यात ते एकाच दुपारी तीनदा आमच्याकडे शिडी मागायला आले. शिडी त्यांच्याच गराजमध्ये होती.

डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे म्हटल्यावर शोभनाकाकू रडल्या. काकांनी वकिलाला फोन लावला. पुढे आपल्याला कळेनासं झालं, तर औषधपाण्याचे आणि बँकेचे निर्णय काकूंनी घ्यावेत, असं मुखत्यारपत्र त्यांना करायचं होतं. साक्षीदार म्हणून मला विचारलं.

"अजून तर छान आहात की, काका!"

"ब्रेक फेल झाल्यावर डिझाइन करत नाहीत, रेणू."

अपॉइंटमेंट मिळाली ती नेमकी पितृपक्षात. काकूंनी कॅलेंडर पाहिलं. "या पंधरवड्यात असल्या कागदांवर सही? मनाला पटत नाही गं. सर्वपित्री होऊन जाऊ दे." काकांनी जन्मात मुहूर्त पाहिला नव्हता, पण बायकोचा चेहरा पाहिला आणि कॅन्सल केलं. मी तरी गप्प बसावं की नाही? मीही म्हणाले, "पंधरा दिवसांनी काय बिघडतंय!"

बिघडलं. दसऱ्याच्या आधीच काकांना न्यूमोनिया झाला. दहा दिवसांनी हॉस्पिटलमधून घरी आले, पण पूर्वीचे काका आले नाहीत. नोव्हेंबरात एकदाचे वकीलबाईंसमोर बसलो. त्यांनी अगदी सावकाश विचारलं, तुमच्या वतीने निर्णय कोणी घ्यावेत? काका हसले. "आमचे अण्णा. तेच बघतात सगळं." अण्णा म्हणजे थोरले भाऊ, त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. बाईंनी पेनाला टोपण लावलं. समजून केलेली नसेल तर सही चालत नाही, म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता एकच वाट होती, पालक नेमण्यासाठी कोर्टात अर्ज. अठ्ठेचाळीस वर्षं ज्याच्याशी संसार केला त्याला आता काही समजत नाही, हे काकूंनी परक्या न्यायाधीशांपुढे शपथेवर सांगायचं. सुनावणी आली अमावास्येला. मी दबकत तसं सांगितलं. "माहितेय," काकू म्हणाल्या, आणि काकांच्या टायची गाठ नीट करू लागल्या.

काम वीस मिनिटांत झालं. न्यायाधीशांनी काकूंनाच नेमलं. बाहेर पार्किंगमध्ये काका गाडीत बसून शांतपणे बेल्टशी खेळत होते. काकूंनी शिक्क्याचा कागद माझ्यापुढे धरला.

"हे मला ह्यांनी स्वतःच्या हाताने द्यायचं होतं, रेणू. देत होते. मीच थांबवलं."