सिंह डावीकडं, पाखरू उजवीकडं

कोणतं टायर घ्यावं यावरून थोरला भाऊ आणि मी तीन दिवस एकमेकांशी धड बोललो नाही, आणि त्या तीनही दिवशी माझ्या सात वर्षांच्या पोरीच्या पोटात सुया टोचल्या जात होत्या. आज आठवलं तरी स्वतःच्याच मुस्काटात मारून घ्यावंसं वाटतं.

ज्वारीच्या खळ्यावर तिला कोल्हा चावला होता. पिसाळलेलाच होता तो. दोन गुरांनाही त्यानं ओरबाडलं, तेव्हा कुठं गावकऱ्यांनी त्याला काठ्यांनी लोळवला. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पोटरीवरची जखम पाहिली आणि सांगितलं, "चौदा दिवस, चौदा सुया. रोज एक वाजायच्या आत आणायची. एकही दिवस चुकवायचा नाही." चुकला तर काय, असं मी विचारलं. ते हात धूत राहिले. ते विष अंगात चढलं की माणूस पाण्याला भितो आणि मग कोणाच्या बापाच्यानं वाचवता येत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या दिवसापासून तिनं तांब्या तोंडाला लावला की माझं लक्ष तिच्या गळ्याकडं जायचं.

धुळ्यात तिला ठेवायला आमचं कोणी नव्हतं, आणि घरी बायको बाळंतीण. पण माझी उतारूंची मोटार शिरपूरहून धुळ्याला रोज जात होतीच. मग पोर रोज माझ्याशेजारी बसून येईल-जाईल असं ठरलं. तिनं परकराच्या ओच्यात चौदा चिंचोके बांधून घेतले. सुई टोचून परत येताना तापी लागली की एक चिंचोका पाण्यात फेकायची आणि उरलेले मोजायची.

आता मोटारीचं सांगतो. जुनीपुराणी, वर कापडी टप, पुढची दोन्ही टायरं इतकी झिजलेली की आतलं कापड दात काढून हसत होतं. त्यात कापसाचा हंगाम. सरकी काढायच्या जिनाकडं जाणाऱ्या गाड्यांची रीघ, आणि बैलांच्या नालांचे निखळलेले खिळे रस्ताभर. तिसऱ्या दिवशी सोनगीरजवळ पंक्चर झालं. ते काढून दवाखान्यात पोचलो तर कंपाउंडर पेटी बंद करत होता. पोरीला खांद्यावर टाकून मी पायऱ्या चढलो आणि तिला त्याच्यापुढं उभं केलं. त्यानं पेटी पुन्हा उघडली. टायरं बदलायलाच हवीत हे त्याच पायऱ्यांवर ठरलं.

पण ठरवणारा मी एकटा कुठं होतो! थोरल्या भावाला आम्ही नाना म्हणायचो. त्याची बैलजोडी विकून ही मोटार आलेली, त्यामुळं तिचा साधा पट्टासुद्धा त्याला विचारल्याशिवाय बदलत नव्हता. नाना बैलांचा मोठा पारखी. बाजारात त्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला की लोक भाव वाढवायचे. मोटारीतलं मात्र त्याला ओ की ठो कळत नव्हतं, आणि हे त्याला सांगायची सोय नव्हती.

धुळ्यात आग्रा रोडवर टायरांची दोन दुकानं समोरासमोर होती. एकाच्या टायरावर सिंहाचं चित्र, दुसऱ्याच्या टायरावर उडतं पाखरू. सिंहवाला म्हणाला, "समोरचा माल? अहो, तो बाबागाडीला लावा!" पाखरूवाला म्हणाला, "सिंह दिसायला दांडगा, पण दगड हो दगड! उतारूंची हाडं खिळखिळी होतील." एकानं जुनं टायर सुरीनं कापून आतले दोरे दाखवले, तर दुसऱ्यानं आमच्यासमोर टायरात खिळा ठोकला. नाना त्या दिवशी मोटारीतून बरोबरच आला होता; तो दोन्हीकडं बसला. टायराला अंगठ्यानं दाबून पाहिलं, नाक लावून वास घेतला, खांद्यावरून हात फिरवला. दात बघायचे तेवढे राहिले! शेवटी म्हणाला, सिंह. कातडी जाड, खिळ्याला दाद देणार नाही.

मी म्हणालो, पाखरू. मऊ रबर रस्ता धरतं, उतारावर घसरत नाही, या मार्गावरचे दोन ड्रायव्हर तेच वापरत होते. नाना म्हणाला, तुला कोणीही गुंडाळतं. मी म्हणालो, तुला बैल सोडून काय कळतं? झालं! तो तडक उठून पानाच्या दुकानाशी जाऊन बसला. मी पोरीला उचललं आणि त्याच फाटक्या टायरांवर घरी आणलं.

चौथा, पाचवा, सहावा दिवस असेच गेले. रोज जाताना माझे कान टायरांकडं, डोळे रस्त्यातल्या खिळ्यांवर, आणि मनात नानाला शिव्या. पोर विचारायची, "आबा, आज टायर फुटी का?" मी खेकसायचो, "गप बस!" ती गप बसायची आणि ओच्यातले चिंचोके चाचपायची. तिचा काय दोष होता? राग नानावरचा, निघत होता तिच्यावर. एका शब्दानं मी माघार घेतली असती तर सिंहाची जोडी त्याच दिवशी चढली असती. घेतली नाही. नानानंही घेतली नाही.

सहाव्या दिवशी संध्याकाळी नाना स्वतःच ओट्यावर आला आणि म्हणाला, "दोन्ही जुपी दे. कोनमा दम शे, आठ दिनमा कळी जाई."

आमच्याकडं नव्या बैलाची परीक्षा अशीच घेतात. माहितीच्या बैलाशेजारी त्याला जुंपायचं आणि कोण ओढतो, कोण अंग चोरतो ते बघायचं. एक सिंह, एक पाखरू, एकाच मोटारीला. पुढची दोन टायरं एकसारखीच हवीत हे मी ड्रायव्हर असून मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण मला त्या परीक्षेची गोडी लागली. माझं पाखरू टिकणार, सिंहाचा भुसा पडणार आणि नाना सगळ्या गावापुढं तोंडघशी पडणार! दुसऱ्याच दिवशी डावीकडं सिंह चढवला, उजवीकडं पाखरू.

मोटार तेव्हापासून उजवीकडं ओढायला लागली. फार नाही, थोडीशी. मी चाक डावीकडं धरून ठेवायचो, संध्याकाळी मनगटं भरून यायची. नाना रोज कंदील घेऊन दोन्ही टायरांपुढं उकिडवा बसायचा आणि बोटानं झीज मोजायचा. मीही शेजारी बसायचो. त्या दिवसांत पोरीच्या पोटावरच्या गाठी किती वाढल्या ते मला बायकोनं सांगितलं, तेव्हा कळलं.

अकरावा दिवस. सामन्याचा रंग बघायला नाना स्वतः मागं बसला होता. तापी ओलांडून पुढच्या उतारावर समोरून कापसाच्या गाड्या चढत होत्या. मी ब्रेक दाबला. पाखरानं रस्ता धरला, सिंह घसरला, आणि मोटार फिरली ती थेट पहिल्या गाडीच्या बैलांवर. पोर ओरडली. मी जीव खाऊन चाक डावीकडं ओढलं. बैल वाचले, पण मोटार रस्ता सोडून चारीत उतरली आणि कलंडता कलंडता राहिली.

कोणाला खरचटलंही नाही. पोर माझ्या मांडीवर फेकली गेली होती, तिच्या मुठीत चिंचोके तसेच. पण स्टिअरिंगची दांडी वाकून चाकाला टेकली होती. दहा वाजून गेले होते. एकपर्यंत पोचायचं, मोटार चारीत, आणि बैलगाडीनं धुळं गाठायला रात्र झाली असती. मी दांडीला पाना लावत होतो, तो निसटत होता.

गाडीवाल्यांनी दोन जोड्या सोडून दोर बांधला आणि मोटार वर काढली. त्यांच्यातला एक म्हातारा वाकून पुढच्या चाकांकडं बघत राहिला. "आसं दोन जातनं कसाले?" त्यानं विचारलं. नानानं परीक्षेची हकीकत सांगितली. म्हाताऱ्यानं एकदा माझ्या पोरीकडं पाहिलं आणि म्हणाला, "नवा बैल रिकामी गाडीले जुंपतस, भाऊ. पोरले बठाडीसन नही."

नाना एवढा पारखी, पण त्याची मान खाली गेली. माझीही. पोर बसवून बैल पारखत नाहीत, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. शेतकऱ्याच्या घरी जन्मलो होतो, मलाही माहीत होतं.

अकराच्या सुमाराला मागून दुसरी उतारूंची मोटार आली. तिच्या ड्रायव्हरशी माझं महिनाभर वाकडं होतं, उतारू पळवण्यावरून. मी आडवा उभा राहिलो आणि त्याचे पायच धरले. तो म्हणाला, "आधी पोरीला बसव, बाकीचं मग बघू." जागा नव्हती, म्हणून नाना तिला कडेवर घेऊन पायफळीवर उभा राहिला. धुळ्यापर्यंत तीस मैल, तसाच.

मी मागं राहिलो. गाडीवाल्यांच्या हातोड्यानं दांडी सरळ केली आणि मग काही करायला उरलं नाही. एक वाजला असेल, दोन वाजले असतील. प्रत्येक धुळीच्या लोटाला उठून उभा राहत होतो. सिंह काय, पाखरू काय, दोन्ही तापीत फेकून द्यावीशी वाटली. देवाला इतक्या आर्जवानं मी कधी हाक मारली नव्हती.

उन्हं कलताना तीच मोटार परत आली. नानाच्या एका हातात पोर, दुसऱ्या खांद्यावर नवं कोरं टायर, पाखराचं. सुई मिळाली होती. डॉक्टर निघायच्या बेतात होते, नानानं दारातच त्यांना अडवलं. टायर खाली ठेवून तो म्हणाला, "मोटार तुनी शे. माले बैलच समजतस." मी सिंह उतरवला आणि त्यानं जॅक धरला.

तापीवर पोरीनं अकरावा चिंचोका फेकला. मग म्हणाली, तहान लागली. मी तांब्या दिला, आणि नाना व मी दोघंही तिच्या गळ्याकडं बघत बसलो. ती घटघट प्यायली.

चौदा सुया झाल्या, पण माझी भीती काही चौदा दिवसांत संपली नाही. वर्षभर तिचं पाणी पिणं मी बघत होतो, पुढंही बघतच राहिलो. तिचं लग्न झालं, लेकरं झाली. परवा माहेरी आली, उन्हातून आल्या आल्या माठाकडं गेली, तांब्या तोंडाला लावला आणि तसाच खाली घेतला. माझ्याकडं न वळताच म्हणाली, "आबा, आते तरी पेऊ दे ना."