कधीही सोडून जाऊ शकता

अहमदाबादला निघायच्या दिवशी ऊन कलेपर्यंत आम्ही घरातच बसून राहिलो. पिशव्या ओसरीवर बांधून ठेवलेल्या. माझे यजमान, कैलास, सारखे बाहेर जाऊन आभाळाकडे बघून येत होते. मी मात्र लांब बाह्यांचा ब्लाऊज, डोक्याला स्कार्फ, पायांत मोजे अशी खाटेवर. ऊन माझ्या अंगाला चालत नाही. आमच्या धानोऱ्यात बाईचं अर्धं आयुष्य मिरचीच्या शेतात जातं. तिथे हे सांगायची मला लाजच वाटायची.

माझी आई विसरवाडीहून सकाळीच आली होती. तिने माझ्या सुजलेल्या गालांवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाली, “जाय माय, पन बरी व्हईसन ये.” सासूबाई, ज्यांना घरात सगळे अक्का म्हणतात, माझ्या चार वर्षांच्या आरोहीला कडेवर घेऊन गोठ्याकडे गेल्या होत्या. पोरीने मला जाताना बघू नये म्हणून. रिक्षा सुरू झाली तेव्हा गोठ्याकडून तिच्या हसण्याचा आवाज येत होता. ती वासराशी खेळत होती.

आजार आरोहीच्या जन्मानंतरचा. आधी सांधे धरले, मग केस गळाले, मग दोन्ही गालांवर आणि नाकावर लाल चट्टा. सगळे म्हणाले, उन्हाने भाजलंय. लघवीला फेस यायला लागला आणि पाय खांबासारखे सुजले तेव्हा नंदुरबारच्या डॉक्टरांनी सुरतेला पाठवलं. तिथे किडनीचा तुकडा काढून तपासला. नाव कळलं, ल्युपस. आपल्याच रक्तातली राखण करणारी फौज आपल्यावर उलटते आणि किडनी पोखरते, असं डॉक्टरांनी समजावलं. औषधं सुरू झाली. चेहरा पुरीसारखा फुगला, भूक वाढली, झोप गेली. पण लघवीतून प्रथिनं जायची काही थांबेनात.

“नेहमीच्या औषधांनी हवा तसा उतार पडत नाहीये,” सुरतेचे डॉक्टर म्हणाले. “कुठे नव्या औषधाची चाचणी चालू असेल तर बघा.”

बघा म्हणजे कुठे बघा? मी डीएड केलेली, इंग्रजी अडखळत वाचते. चाचण्यांची सरकारी यादी फोनवर मिळते हे शोधण्यातच बरेच दिवस गेले. मग एकेक फोन. एका ठिकाणी भरती संपलेली. एका ठिकाणी माझा तपासणीचा तुकडा जुना झाला म्हणाले. अहमदाबादच्या एका हॉस्पिटलातल्या बाईंनी मात्र सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आ जाओ दीदी, स्क्रीनिंग कर लेते हैं.” त्या तिथल्या कोऑर्डिनेटर, आणि स्क्रीनिंग म्हणजे चाचणीत घेता येईल का याची आधीची तपासणी. पहिल्या खेपेला लघवीत जंतू निघाले आणि मला परत पाठवलं. परतीच्या गाडीत मी रडले. खरं तर जिथे शिरायला घर घाबरत होतं, तिथून नकार आला म्हणून मी रडत होते.

घरी अक्का भडकल्याच होत्या. “म्हने नवं औषध आजमाडी देखतीन! मन्ही सून काय उंदीर शे?” मी म्हटलं, “अक्का, जुनं औषध आजमावून झालंय.” त्या उठून आत गेल्या.

दुसऱ्या खेपेला मी चाचणीत बसले. संमती घेताना समोर कॅमेरा लावला होता. डॉक्टर सावकाश बोलत होते. काही जणांना नवं औषध मिळेल, काही जणांना नुसतं सलाईन. नेहमीच्या गोळ्या सगळ्यांनाच चालू राहतील. कोणाला काय मिळतंय हे मला कळणार नाही, त्यांनाही नाही. मूल राहू द्यायचं नाही. ठरलेल्या तारखेला यायचंच. आणि शेवटी, “तुम्ही केव्हाही सोडून जाऊ शकता. कारण द्यायचीसुद्धा गरज नाही.”

हे वाक्य मी पुढे किती वेळा ऐकलं! प्रत्येक भेटीत, प्रत्येक नव्या कागदावर सही करताना. दार उघडं आहे, असं इतक्या प्रेमाने कोणी सांगत राहिलं की कळतं, बाहेर जायला जागाच नाहीये. बाहेर पाऊल टाकलं तर पुढे डायलिसिस.

भेटी सारख्या, म्हणून आम्ही अहमदाबादलाच खोली घेतली, तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेला खिडकी. कैलासना कापडाच्या गोदामात काम मिळालं. ते सकाळी गेले की मी जाड पडदा ओढायची. दिवसभर त्या पिवळट अंधारात पंखा, फोन आणि मी. शेजारच्या हंसाबेन दारातून ओरडायच्या, “बेन, बारी तो खोलो!” खिडकी उघडा म्हणून. मी हसून मान हलवायची. सूर्य गेला की गच्चीवर जायचं, एवढंच माझं मोकळं जग. हळूहळू माझ्या बोलण्यात ‘चालशे’ आणि ‘केम’ आलं. हॉस्पिटलात हिंदी, दारात गुजराती, फोनवर अहिराणी. पुस्तकातली मराठी फक्त मनाशी बोलताना उरली.

फोनवर आरोही सुरुवातीला रोज भांडायची. एकदा अक्कांनी व्हिडिओ लावला. तिने माझ्या गोल झालेल्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं आणि फोन ढकलला. “हाई मन्ही माय नही शे.” अक्का तिला दटावत होत्या. मी म्हटलं, “दटावू नका.” तिचं खोटं नव्हतं. आरशात मलाही तसंच वाटायचं.

वर्ष सरत आलं आणि आरोहीला कांजण्या निघाल्या. अंगभर फोड, ताप. “मन्ही मायले बलाव,” म्हणून एकच धोशा. मी पिशवी भरली. कैलासनी तिकीट काढलं. निघण्याआधी कोऑर्डिनेटर बाईंना कळवावं म्हणून फोन केला, तर त्यांनी लगेच डॉक्टरांना दिला.

“तुम्हाला लहानपणी कांजण्या येऊन गेल्यात?”

मी विसरवाडीला फोन लावला. आई म्हणाली, नाही, तुझ्या भावाला आल्या होत्या, तुला नाही.

“मग तिच्या जवळ जाऊ नका,” डॉक्टर म्हणाले. “या औषधांनी तुमच्या अंगात प्रतिकारच उरलेला नाही. तिला आठवड्यात बरं वाटेल. तुमच्या जिवावर बेतेल.”

मी भरलेल्या पिशवीवर बसून राहिले. पोटच्या पोरीच्या अंगावर हात फिरवायला मी जाऊ शकत नव्हते, आणि जिने मला हाक मारणं जवळपास सोडलं होतं तीच आता हाक मारत होती. कैलास एकटेच गेले. तेवढ्यात अक्कांचा फोन आला. मला वाटलं, आता ऐकवतील. त्या म्हणाल्या, “तू येवू नको. पोरले मी सांभायस. तू पयले तुन्हा जीव सांभाय.” आणि पुढे, “तिले मी सांगेल शे, तुन्ही माय तुन्हासाठेच तठे बठेल शे.” तुझी आई तुझ्यासाठीच तिथे बसली आहे. इतकी वर्षं एका चुलीवर राहून अक्का माझ्याशी असं कधी बोलल्या नव्हत्या.

फोड वाळले, खपल्या पडल्या. माझीही प्रथिनं उतरली, हळूहळू, पण उतरली. चेहरा आपल्या आकारावर आला. हे नव्या औषधाने झालं की जुन्यानेच उशिरा गुण दिला, मला माहीत नाही. अजून कोणी सांगितलेलं नाही. चाचणीचा पुढचा टप्पा चालू आहे. त्यात सगळ्यांनाच नवं औषध देतात, आणि ते या हॉस्पिटलाबाहेर कुठेच मिळत नाही. म्हणून आम्ही इथेच आहोत. आरोहीला इकडे आणायचं अनेकदा ठरलं. पण या पडद्याआडच्या खोलीत, दिवसभर उन्हाला घाबरणाऱ्या आईपाशी ती काय करेल? तिथे तिची शाळा आहे, गोठा आहे, अक्का आहेत.

माझ्यासारखे आणखीही कोणी गाव सोडून औषधामागे गेले असतील. त्यांना मी काय सांगू? आपण बरे होतो ते ज्यांच्यासाठी, त्यांचं आपल्यावाचून चालायला लागतं. ते चालावं अशीच आपली प्रार्थना असते, आणि चाललं की काळीज चरकतं. घर म्हणजे आता माझ्यासाठी हॉस्पिटलच्या दोन भेटींच्या मधली जागा.

मागच्या हिवाळ्यात धानोऱ्याला गेले होते. आरोही तोवर सहा वर्षांची झालेली. तिने मला पाणी आणून दिलं, पाहुण्यांना देतात तसं तांब्याखाली हात धरून. दुपारी माझ्याशेजारी येऊन बसली, बराच वेळ माझ्या बांगड्या फिरवत राहिली आणि मग सहज विचारलं, “तू तुन्हा घर कव्हय जाशी?”

कोपऱ्यात अक्का मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

“परवा,” मी म्हटलं.

तिने जरा विचार केला. “मंग उद्या शे ना तू,” म्हणाली, आणि माझ्या मांडीवर डोकं टेकून आडवी झाली.