भुलाबाईच्या वहीवरचं नाव

बायकोची, शांताची, पेटी उघडली की डांबरगोळ्यांचा वास येतो. अमरावतीच्या विद्यापीठातल्या ग्रंथालयात, जुन्या कागदांच्या खोलीत, असाच वास होता.

शांतानं लिहून ठेवलेली भुलाबाईच्या गाण्यांची वही द्यायले आम्ही अकोल्याहून गेलो होतो. तिथल्या मॅडमनं एकेक पान ब्रशनं झाडलं अन् विचारलं, “कोणी लिहिली?”

घरातलं काही द्यायचं तर पुरुषाच्या नावानं, ही आमची रीत. मी ताठ बसून म्हटलं, “म्या.”

परतताना एसटीत शांता म्हणाली, “तुमचं अक्षर लय सुधरलं जी.” मी हसलो. तिनं तोंड खिडकीकडे केलं, ते अकोल्यापर्यंत.

शांता वारली, आता घरात मी एकटा. ग्रंथालयानं फोटो काढून टाकलेली वही साऱ्या जगाले मोबाइलवर दिसते, माझ्या नावानं. सोमवारी जाऊन वहीवर शांताचं नाव लावायले सांगतो अन् मॅडमपुढे चार ओळी लिहून दाखवतो. माझं अक्षर पाहिल्यावर त्या दुसरा पुरावा मागणार नाहीत.