केबलनं मारलेली उडी

“हा घातपात हाय मॅडम,” प्लँट मॅनेजर गावंडे साहेब म्हणाले. नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्याच्या पॅनल रूममध्ये आम्ही उभे होतो. मनगटाएवढ्या जाड केबल भिंतीवरच्या लोखंडी ट्रेवरून उखडून खाली लोंबत होत्या. “एवढी केबल आपोआप थोडी उपटते? काल राती वानखडेचीच ड्यूटी होती. पोलिसात देऊन राहिलो त्याले. तुमचा शेरा तेवढा पायजे.”

मी इलेक्ट्रिकल इंजिनियर. अकोल्याहून कारखान्यांच्या सेफ्टी तपासणीला हिंडते. शेरा देण्याआधी बघायची वाईट खोड मला आहे.

वायरमन वानखडे दाराशी उभे होते. दसऱ्याला साहेबांचं न ऐकता रजा टाकून ते दीक्षाभूमीला गेले होते. साहेबांना एवढा पुरावा पुरेसा होता.

“मी काहून उपटू केबल?” वानखडे म्हणाले. “एकडाव पोलिसात नाव गेलं त मले कोन नोकरीवर ठेवन?”

मी पॅनल उघडायला लावलं. आत दोन फेजच्या, म्हणजे वेगवेगळ्या वीजवाहिन्यांच्या, उघड्या धातूच्या पट्ट्यांवर एक पाल आडवी पडली होती, जळून कोळसा झालेली. तिच्यामुळे दोन्ही पट्ट्या जोडल्या गेल्या, म्हणजे शॉर्टसर्किट.

“पालीनं केबल उपटली म्हणता?” साहेब हसले.

“नाही. केबलींनीच एकमेकींना ढकललं.”

तारेतून करंट वाहिला की तिच्याभोवती चुंबकक्षेत्र तयार होतं. त्यात करंट वाहणारी दुसरी तार आली की तिच्यावर जोर पडतो. दोन्हींत करंट एकाच दिशेनं असेल तर तारा जवळ ओढल्या जातात, उलट दिशेनं असेल तर दूर ढकलल्या जातात. रोज हा जोर जाणवतही नाही. पण करंट दहापट झाला तर जोर शंभरपट होतो, आणि शॉर्टसर्किटमध्ये दहापट म्हणजे काहीच नाही. म्हणूनच केबल ट्रेवर क्लॅम्पनं, म्हणजे धातूच्या जाड पकडींनी, आवळून ठेवतात.

“क्लॅम्प कुठे आहेत?” मी विचारलं.

साहेबांनी घसा साफ केला. दसऱ्याला पॅनलची पूजा होती, मालकांसोबत फोटो होता. काळपट क्लॅम्प बरे दिसेनात, म्हणून त्यांनी पेंटरकडून ते काढवले आणि रंगीत नायलॉनच्या पट्ट्या बांधून घेतल्या. फोटो झकास आला असणार; पट्ट्या मात्र शॉर्टसर्किटच्या पहिल्याच झटक्यात तुटल्या.

पण केबली एकमेकींना ढकलतात यावर त्यांचा विश्वास बसेना. मग मी त्यांच्याच जेवणाच्या डब्यातल्या, पोळ्यांना गुंडाळलेल्या फॉइलच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी लटकवल्या आणि गाडीच्या बॅटरीला अशा जोडल्या की एकीतून करंट वर जाईल, दुसरीतून खाली येईल. तार क्षणभरच टेकवली. पट्ट्या झटक्यात एकमेकींपासून लांब उडाल्या.

“पुन्हा दाखवा,” साहेब म्हणाले. पुन्हा दाखवलं. पोळ्या उघड्यावरच वाळत होत्या.

मी शेरा लिहायला घेतला: क्लॅम्प काढल्यामुळे नुकसान. साहेब जवळ सरकले. “कोनं काढाले लावले, ते नाव लिहाच लागन का?”

“मघाशी नाव लिहायची तुम्हालाच घाई होती.”

पोलिसात कुणी गेलं नाही. नवे क्लॅम्प आले, ते वानखडेंनीच बसवले. साहेबांनी माफी मागितली नाही, “लवकर उरका” तेवढं म्हणाले. वानखडेंनी मात्र उरकलं नाही. प्रत्येक क्लॅम्प साहेबांना स्वतःच्या हातानं ओढून बघायला लावला, आणि साहेबांनी निमूटपणे ओढून बघितला.

धडा छोटा आहे. माणसावर आळ घेण्याआधी पॅनलचं दार उघडून बघावं. त्याला स्क्रू ड्रायव्हर पुरतो.